कॉर्व्हेट : इंजिनाच्या जागेचा साठ वर्षांचा वाद

मोटारीत इंजिन कोठे बसवावे हा प्रश्न वरवर पाहता कारखान्यातील सोयीचा वाटतो; प्रत्यक्षात गाडी वळणावर कशी वागेल, वेग घेताना चाके जमीन किती घट्ट धरतील, चालकाला मागचेपुढचे किती दिसेल, सामानाला किती जागा उरेल आणि शेवटी गाडीची किंमत काय होईल, हे सारे त्या एका निर्णयाशी बांधलेले असते. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीचा शेव्हरोले विभाग १९५३ पासून बनवत आलेली कॉर्व्हेट ही दोन आसनांची वेगवान गाडी या प्रश्नाच्या अभ्यासासाठी फार सोयीची आहे, कारण तिच्या पहिल्या सात पिढ्यांत इंजिन चालकाच्या पुढे होते, आठव्या पिढीत ते चालकाच्या पाठीमागे गेले, आणि ते मागे गेले पाहिजे असे तिच्या सर्वांत थोर अभियंत्याचे मत १९६० च्या सुमारासच ठाम झालेले होते. कल्पना आणि तिची अंमलबजावणी यांत सुमारे साठ वर्षे गेली. या विलंबाचे खापर तंत्रज्ञानाच्या उणिवेवर फोडण्याची रीत आहे. कॉर्व्हेटचा इतिहास तपासला तर मात्र खरी अडचण वेगळीच दिसते, ती म्हणजे जुन्या रचनेची गाडी उत्तम खपत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील रस्त्यांवर ब्रिटिश बनावटीच्या एमजी आणि जॅग्वार या छोट्या, बुटक्या, उघड्या गाड्या दिसू लागल्या. त्यांना स्पोर्ट्स कार म्हणत. म्हणजे प्रवाशांची व सामानाची सोय दुय्यम मानून वेग आणि चपळाई यांसाठी बांधलेली गाडी. असे वाहन अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांपैकी एकीकडेही नव्हते. जनरल मोटर्सच्या आरेखन विभागाचा प्रमुख हार्ली अर्ल याने ही उणीव हेरली आणि त्याच्या देखरेखीखाली तयार झालेला नमुना जानेवारी १९५३ मध्ये न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात भरलेल्या मोटोरामा या कंपनीच्या प्रदर्शनात लोकांपुढे आला. कॉर्व्हेट हे नाव एका लहान, चपळ युद्धनौकेच्या प्रकारावरून घेतलेले होते. प्रदर्शनातील उत्साह पाहून कंपनीने त्याच वर्षी ३० जूनला मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे उत्पादन सुरू केले आणि वर्षअखेरपर्यंत ३०० गाड्या बनवल्या. त्या सर्व पांढऱ्या रंगाच्या, लाल अंतर्भागाच्या आणि काळ्या कापडी छताच्या होत्या.

पहिल्या कॉर्व्हेटचे बाह्यांग पोलादाचे नव्हते. पोलादी पत्र्याला आकार देण्यासाठी प्रचंड दाबयंत्रे आणि प्रत्येक भागासाठी स्वतंत्र साचे लागतात. ते साचे बनवायला वेळ आणि पैसा इतका लागतो की लाखो गाड्या खपणार असतील तरच तो खर्च भरून निघतो. काचेचे बारीक तंतू रेझिनमध्ये भिजवून, साध्या साच्यावर थर देऊन कडक होऊ द्यायचे, या फायबरग्लासच्या पद्धतीत प्रत्येक नगामागे मजुरी जास्त पडते, परंतु आरंभीची गुंतवणूक अगदी थोडी असते. काही शे गाड्यांच्या हिशोबात ही पद्धत परवडणारी होती. पुढे कॉर्व्हेटची संख्या हजारांत गेली, रेझिन आणि तंतूंची मिश्रणे बदलली, हाताने थर देण्याऐवजी दाबाखाली साच्यात घडवण्याची पद्धत आली. पण एकाही पिढीत तिचे बाह्यांग पोलादी पत्र्याचे झाले नाही. काटकसरीपोटी घेतलेला निर्णय कालांतराने गाडीची ओळख ठरला, आणि अशा प्रकारची तडजोड या गाडीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आढळते.

आतील यंत्रणा मात्र बाह्यरूपाला शोभणारी नव्हती. एका ओळीत सहा सिलिंडर असलेले ३.९ लिटरचे जुने इंजिन तीन कार्ब्युरेटर लावून कसेबसे १५० अश्वशक्तीपर्यंत चढवले होते आणि त्याला फक्त दोन गिअरची स्वयंचलित गिअरपेटी जोडलेली होती. स्पोर्ट्स कार घेऊ पाहणाऱ्याला स्वतःच्या हाताने गिअर बदलायचे असतात, ही साधी गोष्ट कंपनीच्या ध्यानात आली नव्हती. १९५४ मध्ये उत्पादन मिसूरी राज्यातील सेंट लुईस येथे हलवून ३,६४० गाड्या बनवण्यात आल्या, पण त्यांतील बऱ्याच गाड्या वर्ष संपले तरी विक्रेत्यांकडे पडून होत्या. १९५५ मध्ये तर केवळ ७०० गाड्या बनल्या, आणि त्याच वर्षी फोर्ड कंपनीने आणलेली थंडरबर्ड सोळा हजारांहून अधिक खपली. कॉर्व्हेट बंद करण्याचा विचार त्या काळात गंभीरपणे झाला होता. प्रतिस्पर्ध्यापुढे मैदान सोडल्याची नामुष्की नको, हेही ती टिकण्याचे एक कारण मानले जाते.

तिला खऱ्या अर्थाने वाचवले ते एका इंजिनाने आणि एका माणसाने. शेव्हरोलेचा मुख्य अभियंता एड कोल याच्या हाताखाली तयार झालेले आठ सिलिंडरांचे इंजिन १९५५ मध्ये कॉर्व्हेटमध्ये आले. या इंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे एकमेकींशी कोन करून बसवलेल्या असल्यामुळे त्याला व्ही-आठ म्हणतात. ते आकाराने आटोपशीर, वजनाने तुलनेने हलके आणि बनवायला स्वस्त होते, आणि या मूळ आराखड्याचे वंशज पुढे अनेक दशके जनरल मोटर्सच्या गाड्यांत चालत राहिले.

माणसाचे नाव झोरा आर्कस-डंटोव्ह. रशियन ज्यू कुटुंबातील या अभियंत्याचा जन्म १९०९ मध्ये ब्रुसेल्सला झाला, बालपण रशियात गेले, अभियांत्रिकीचे शिक्षण बर्लिनला झाले, आणि युद्धकाळात फ्रान्समधून निसटून तो अमेरिकेला पोहोचला. मोटोरामा प्रदर्शनात कॉर्व्हेट पाहून तिच्या रूपाने तो भारावला आणि आतील यंत्रणेने निराश झाला. त्याने एड कोलला पत्र लिहिले व मे १९५३ मध्ये तो जनरल मोटर्समध्ये रुजू झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने वरिष्ठांना एक टिपण सादर केले. जुन्या गाड्यांची इंजिने स्वतः सुधारून त्या पळवणारे अमेरिकेतील तरुण सर्रास फोर्डच्याच गाड्या वापरतात. त्यांना शेव्हरोलेकडे वळवायचे असेल तर वेगवान सुटे भाग कारखान्यानेच तयार करून विकले पाहिजेत, असा त्या टिपणाचा आशय होता. मोटारउद्योगातील बहुतेक अंतर्गत टिपणे कपाटात धूळ खातात. या टिपणाने शेव्हरोलेचे पुढील धोरण घडवले. १९५६ च्या आरंभी डंटोव्हने स्वतः फ्लोरिडातील डेटोनाच्या वाळूवर सुधारित कॉर्व्हेट ताशी सुमारे १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर वेगाने चालवून दाखवली. १९५७ मध्ये ४.६ लिटरच्या इंजिनाला इंधन-प्रक्षेपण जोडण्यात आले. कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या झोताबरोबर पेट्रोल ओढले जाते, तर प्रक्षेपणात ते मोजून फवारले जाते आणि प्रत्येक सिलिंडरला नेमके प्रमाण मिळते. या इंजिनाची शक्ती २८३ अश्वशक्ती आणि घनक्षमताही २८३ घनइंच असल्यामुळे जाहिरातदारांना आयतेच खाद्य मिळाले.

डंटोव्हचा मूळ आग्रह मात्र शक्तीपेक्षा वजनाच्या वाटणीविषयी होता. टायर जमिनीला किती घट्ट धरतो हे मुख्यतः त्यावर पडणाऱ्या भारावर ठरते. कॉर्व्हेट मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी असल्यामुळे तिचे इंजिन पुढच्या चाकांवर बसले की सर्वांत जड भाग नेमका त्या चाकांवर येतो ज्यांना गाडी ढकलायची नसते. शक्ती वाढवत नेली की एका मर्यादेनंतर मागची चाके पुढे नेण्याऐवजी जागच्या जागी फिरतात. इंजिन चालकाच्या पाठीमागे, परंतु मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवले तर हा भार कामाच्या चाकांवर पडतो. अशा रचनेला मध्य-इंजिन म्हणतात. तिचा दुसरा फायदा वळणावर मिळतो. कावडीच्या दोन टोकांना भरलेल्या घागरी टांगलेल्या माणसाला चटकन वळता येत नाही, पण त्याच घागरी त्याने अंगालगत धरल्या तर वजन तितकेच असूनही तो सहज वळतो. त्याचप्रमाणे गाडीतील जड वस्तू मध्यबिंदूजवळ एकवटल्या की ती कमी जोर लावूनही दिशा बदलते. शर्यतीच्या जगात हे गृहीतक राहिले नव्हते: जर्मनीच्या ऑटो युनियनने १९३० च्या दशकातच अशा गाड्या पळवल्या होत्या, आणि १९५९ व १९६० ची फॉर्म्युला वन विजेतेपदे कूपर या छोट्या इंग्रज कंपनीच्या मध्य-इंजिन गाड्यांनी जिंकली.

या रचनेचे तोटेही खरे आहेत आणि ते सांगितल्याशिवाय कंपनीच्या नकाराचा न्याय करता येणार नाही. इंजिनाची उष्णता आणि आवाज चालकाच्या कानामागे येतो, मागचे दिसत नाही, सामानाची जागा आकसते, इंजिनापर्यंत थंड हवा पोहोचवणे अवघड होते, आणि गिअरपेटी व मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारी डिफरन्शियल यंत्रणा एकाच आवरणात बसवावी लागते. ट्रान्सॲक्सल नावाचा हा जोडभाग मोठ्या इंजिनाचे बळ पेलेल इतका भक्कम बनवायचा तर खर्च फार येतो, आणि जो भाग कंपनीच्या दुसऱ्या कुठल्याही गाडीत वापरता येत नाही त्यासाठी पैसे मोजायला हिशोबनीस तयार होत नाहीत.

१९६० मध्ये डंटोव्हने एकच आसन असलेली मध्य-इंजिन प्रायोगिक गाडी बनवली आणि १९६४ मध्ये चारही चाकांना शक्ती देणारी दुसरी. विक्रीसाठी तयार झालेली १९६३ ची दुसरी पिढी मात्र पुढच्याच इंजिनाची राहिली. स्टिंग रे या नावाने आलेली ही गाडी आजही अनेकांना सर्वांत देखणी कॉर्व्हेट वाटते, आणि ते मत खोडून काढणे कठीण आहे. हार्ली अर्लचा वारसदार बिल मिचेल याच्या मार्गदर्शनाखाली लॅरी शिनोदा या आरेखकाने तिच्या टोकदार रेषा घडवल्या. बंद छताच्या गाडीची मागची काच मधोमध एका कण्याने दुभागलेली होती. त्या कण्यामुळे मागचे दिसत नाही म्हणून डंटोव्हने त्याला कडाडून विरोध केला, मिचेलने रचनेचा आत्माच तो कणा आहे म्हणून हट्ट धरला, आणि वाद मिचेलने जिंकला. पण वर्षभरातच, १९६४ च्या गाडीत, काच अखंड झाली. दुभागलेल्या काचेची गाडी त्यामुळे केवळ एका वर्षाची ठरली आणि संग्राहकांच्या बाजारात तिला आज मोठी किंमत येते. उपयुक्ततेच्या कसोटीवर हरलेली वस्तू संग्राहकांकडे जिंकते, असा हा मजेशीर प्रकार आहे.

डंटोव्हचा विजय गाडीच्या पोटाखाली होता. आधीच्या गाडीत मागची दोन्ही चाके एका अखंड ॲक्सलला जोडलेली असल्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलत असे. १९६३ मध्ये ती स्वतंत्र झाली. त्यांना आधार देण्यासाठी अनेक पात्यांची एकच स्प्रिंग आडवी बसवली होती. मालमोटारीचे पाटे पाहिलेल्या कोणालाही ही जुनाट युक्ती वाटेल आणि युरोपातील समीक्षकांनी तशी टिंगलही पुष्कळ केली. परंतु आडवा पाटा उंचीला थोडी जागा घेतो, आणि पुढे १९८० च्या दशकात तो पोलादाऐवजी तंतुमिश्र पदार्थाचा झाल्यावर वजनानेही अतिशय हलका झाला. सातव्या पिढीपर्यंत तो टिकला, तो केवळ सवयीने नव्हे.

साठच्या दशकाचा उत्तरार्ध शक्तीच्या चढाओढीचा होता. १९६५ मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक आले, त्याच वर्षी मोठ्या आकाराचे इंजिन आले, आणि १९६६ मध्ये त्याची घनक्षमता सात लिटरवर पोहोचली. १९६७ च्या एल-८८ या इंजिनाची शक्ती कंपनीने ४३० अश्वशक्ती सांगितली, पण प्रत्यक्षात ती पाचशेच्या वर होती. आकडा मुद्दाम कमी सांगितलेला होता, कारण हे इंजिन शर्यतीसाठी होते आणि हौशी ग्राहकाने ते रोजच्या वापरासाठी मागू नये अशी इच्छा होती. त्या वर्षी अशा २० गाड्या बनल्या.

१९६८ मध्ये आलेली तिसरी पिढी बाह्यरूपाने संपूर्ण नवी आणि आतून बहुतांशी दुसऱ्या पिढीचीच होती. खरे तर याच टप्प्यावर मध्य-इंजिनाची वेळ आली होती. इटलीच्या लॅम्बोर्गिनीने १९६६ मध्ये मिउरा ही मध्य-इंजिन गाडी विकायला आणून दाखवली होती, आणि त्याआधीच्या वर्षी जिम क्लार्क या शर्यतपटूने मध्य-इंजिन लोटस गाडी चालवत इंडियानापोलिसची शर्यत जिंकून अमेरिकी शर्यतविश्वाचे जुने गणित मोडले होते. डंटोव्हच्या चमूने व्ही-आठ इंजिन आडवे बसवलेली एक प्रायोगिक गाडी १९७० मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात मांडली. दरम्यान कंपनीचा अध्यक्ष झालेल्या कोलला वांकेल इंजिनाने भारून टाकले. वांकेल इंजिनात वरखाली होणाऱ्या दट्ट्यांऐवजी त्रिकोणी चकती अंडाकृती पोकळीत फिरते, त्यामुळे ते लहान आणि गुळगुळीत चालणारे असते. १९७३ मध्ये चार चकत्यांचे असे इंजिन पाठीमागे बसवलेली, पंखांसारखी उघडणाऱ्या दारांची एक विलक्षण कॉर्व्हेट लोकांना दाखवण्यात आली. वांकेल इंजिन फार पेट्रोल पिते. तेलसंकट आल्यावर कंपनीने त्याचा नाद सोडला, गाडीत व्ही-आठ बसवून तिला एरोव्हेट म्हटले, आणि ती उत्पादनाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परतली. डंटोव्ह १९७५ च्या आरंभी निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या डेव्ह मॅक्लेलनचा कल इंजिन पुढे ठेवण्याकडेच होता.

हा नकार समजण्यासाठी सत्तरच्या दशकातील दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या विषारी वायूंवर कडक मर्यादा आल्या; शिसेविरहित पेट्रोलसाठी इंजिनातील दाब कमी करावा लागला, १९७५ पासून धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावे लागले, आणि त्या वर्षी कॉर्व्हेटच्या मूळ इंजिनाची शक्ती १६५ अश्वशक्तीवर घसरली. या घसरणीतील काही भाग केवळ मोजणीचा आहे. १९७१ पर्यंत कंपन्या इंजिन सुटे ठेवून, पंखा, जनित्र, धुराडे यांचा भार न लावता मोजलेली स्थूल शक्ती छापत. १९७२ पासून सर्व भार लावून मोजलेली निव्वळ शक्ती सांगितली जाऊ लागली. म्हणून जुन्या पुस्तकांतील ४२५ आणि १६५ या आकड्यांची थेट तुलना करणे चूक आहे. तरीही गाडी खूप मंदावली होती, यात शंका नाही. दुसरा आकडा याच्या अगदी उलट आहे: १९७९ मध्ये, १९५ अश्वशक्तीच्या मूळ इंजिनासह, ५३,८०७ कॉर्व्हेट बनल्या, आणि वार्षिक उत्पादनाचा तो उच्चांक आहे. दहा वर्षे जुनी रचना, अर्धमेले इंजिन आणि विक्रमी खप! अशा स्थितीत महागडे ट्रान्सॲक्सल आणि नवा सांगाडा यांसाठी पैसे द्यावेत, हे संचालकांना पटवणार कोण? डंटोव्हच्या कल्पनेचा पराभव तांत्रिक परीक्षेत झाला नाही, तो विक्रीच्या तक्त्यात झाला.

१९८१ मध्ये उत्पादन केंटकी राज्यातील बाउलिंग ग्रीन येथे हलले आणि ते आजही तेथेच आहे. चौथी पिढी १९८३ साठी योजली होती, पण ती वेळेत नीट उतरली नाही. त्या वर्षीच्या चाचणीसाठी बनवलेल्या ४३ गाड्यांपैकी एकच शिल्लक राहिली आणि १९८३ हे कॉर्व्हेट नसलेले एकमेव मॉडेल वर्ष ठरले. १९८४ ची गाडी वळणावर मात्र फारच समर्थ होती. या पिढीचे सर्वांत रंजक प्रकरण म्हणजे १९९० ची झेडआर-१. शेव्हरोलेच्या नेहमीच्या इंजिनात एकच कॅमशाफ्ट इंजिनाच्या पोटात असतो आणि तो लांब पुशरॉडच्या साहाय्याने वरच्या झडपा उघडतो. ही रचना साधी, स्वस्त आणि उंचीला ठेंगणी असते, पण खूप फेरे घ्यायला कुरकुरते. झेडआर-१ साठी तेव्हा जनरल मोटर्सच्याच मालकीच्या लोटस कंपनीने प्रत्येक रांगेच्या डोक्यावर दोन, असे चार कॅमशाफ्ट आणि ३२ झडपांचे ५.७ लिटरचे इंजिन आखले, आणि ते बोटींची इंजिने बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनच्या ओक्लाहोमातील कारखान्यात जुळवले गेले. मार्च १९९० मध्ये टेक्सासमधील चाचणीपथावर या गाडीने २४ तास ताशी सरासरी २८३ किलोमीटरने धावून विक्रम केला. पण तिची किंमत साध्या कॉर्व्हेटच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि दरम्यान पुशरॉडचे स्वस्त इंजिनही १९९२ मध्ये ३०० अश्वशक्तीवर पोहोचले. १९९५ मध्ये झेडआर-१ थांबली. पैशाच्या तुलनेत वेग हा कॉर्व्हेटचा खरा धर्म होता, आणि झेडआर-१ त्या धर्मात बसत नव्हती.

१९९७ च्या पाचव्या पिढीत मुख्य अभियंता डेव्ह हिल याच्या चमूने वजनाची वाटणी अर्ध्या मार्गाने सोडवली: इंजिन पुढेच राहिले, पण गिअरपेटी उचलून मागच्या ॲक्सलजवळ नेली आणि दोहोंना एका भक्कम नळीने जोडले. पुढच्या-मागच्या चाकांवरील भार जवळजवळ समान झाला. पाण्याच्या प्रचंड दाबाने आतून फुगवून घडवलेल्या पोलादी तुळयांमुळे सांगाडाही कितीतरी ताठ झाला, आणि याच पिढीच्या शर्यतीच्या गाड्यांनी २००१ मध्ये फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात पहिले दोन क्रमांक मिळवले. पुढील दोन पिढ्यांनी याच पायावर शक्ती चढवत नेली: २००६ मध्ये ५०५, २००९ मध्ये सुपरचार्जरसह ६३८, २०१५ मध्ये ६५० आणि २०१९ मध्ये ७५५ अश्वशक्ती. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच शक्तीवर चालणारा, सिलिंडरांत जादा हवा कोंबणारा पंप. मुख्य अभियंता टॅज युक्टर याच्या चमूला आता तेच दिसू लागले जे डंटोव्ह सांगत होता. इंजिन आणखी बळ देऊ शकत होते, पण मागचे टायर ते जमिनीपर्यंत पोहोचवू शकत नव्हते. पुढच्या इंजिनाची रचना तिच्या शेवटाला आली होती.

१८ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियात आठवी पिढी जाहीर झाली. ६.२ लिटरचे ४९५ अश्वशक्तीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते आणि सुमारे ६० टक्के भार मागच्या चाकांवर होता. योग्य टायर व सज्जता घेतली तर ती स्थिर अवस्थेतून ताशी ९७ किलोमीटर वेग २.९ सेकंदांत गाठत असे, आणि आरंभीची किंमत साठ हजार डॉलरच्या आत ठेवली होती, जी त्या वर्गातील युरोपीय गाड्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. हाताने गिअर बदलायची सोय या पिढीत नाही. सम आणि विषम गिअरसाठी दोन स्वतंत्र क्लच असलेली आठ गिअरची पेटी पुढचा गिअर आधीच लावून ठेवते आणि एक क्लच सुटता सुटता दुसरा धरते, त्यामुळे बदल जाणवत नाही. जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही, तरी त्यांच्या एका सवयीचा मान कंपनीने राखला: इंजिनामागच्या सामानकक्षात गोल्फच्या दोन पिशव्या मावल्याच पाहिजेत ही अट आरेखकांना पाळावी लागली, आणि गाडीची शेपूट थोडी लांब दिसते त्यामागे ती अटही आहे. इटालियन कारखानदार अशा मागणीवर हसला असता. पण कॉर्व्हेट घेणारा अमेरिकी माणूस तिने रोज प्रवास करतो, आणि त्याला ओळखणे हेही अभियांत्रिकीच आहे.

या पिढीपासून उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली कॉर्व्हेटही प्रथमच कारखान्यातून बाहेर पडू लागली. महाराष्ट्राला शेव्हरोलेची ओळख आहे ती तळेगावच्या कारखान्यातून निघालेल्या छोट्या गाड्यांमुळे. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातील विक्रीच थांबवल्यामुळे ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाला मिळालेली ही सोय इकडच्या ग्राहकाच्या उपयोगी पडली नाही.

इंजिन मागे गेल्यावर अडलेल्या वाटा भराभर मोकळ्या झाल्या. २०२३ च्या झेड-०६ मध्ये चार कॅमशाफ्टचे ५.५ लिटरचे इंजिन आले; त्याच्या क्रँकशाफ्टवरील खुंट एकाच प्रतलात असल्यामुळे तो हलका राहतो आणि इंजिन मिनिटाला ८,६०० फेऱ्यांपर्यंत जाते. अतिरिक्त हवा कोंबल्याशिवाय ते ६७० अश्वशक्ती देते. पुढे इंजिन नसल्यामुळे तेथे विजेची मोटार बसवता आली आणि २०२४ ची ई-रे ही चारही चाकांना शक्ती मिळणारी पहिली विक्रीची कॉर्व्हेट ठरली. २०२५ च्या झेडआर-१ ला दोन टर्बोचार्जर आहेत, तिची शक्ती १,०६४ अश्वशक्ती आहे, जर्मनीतील चाचणीपथावर तिने ताशी ३७५ किलोमीटरचा वेग गाठला, आणि मागच्या काचेवर १९६३ चा तो वादग्रस्त कणा परत आला आहे. डंटोव्हने हे पाहिले नाही. तो १९९६ मध्ये वारला आणि त्याच्या अस्थी बाउलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात ठेवलेल्या आहेत.

मध्य-इंजिन गाडी महाग पडेल आणि अमेरिकी ग्राहक ती स्वीकारणार नाही, हा संचालकांचा आक्षेप मात्र आता आकड्यांनीच निकालात निघाला आहे. २०२३ च्या मॉडेल वर्षात ५३,७८५ कॉर्व्हेट बनल्या, १९७९ च्या उच्चांकापेक्षा केवळ २२ कमी.